चार चौकटी आणि गावची भिंत : बचतगटात कॉमिक्स शिकवताना

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात उमेद या बचतगटांच्या सरकारी अभियानाच्या समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ग्रामसंघातील (गावातील बचतगटांच्या संघातील) काही घरांत शेतकरी आत्महत्या झालेल्या आहेत, काही घरांत दारूचा त्रास आहे, आणि नववी-दहावीच्या काही मुली घरी-दारी कोणाशीच फारसे बोलत नाहीत. कॉमिक्स काढल्याने मन मोकळे होते आणि माणसे जवळ येतात, असे त्यांनी एका प्रशिक्षणात ऐकले. त्यांना स्वतःला चित्र काढता येत नाही, गटातील बायकांनाही येत नाही. असे असताना हे काम हाती घ्यावे का, घेतले तर कसे चालवावे, आणि याने खरोखर कोणी बरे होते का?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचे सारे अवलंबून आहे. कॉमिक्स हा उपचार नाही. जिला रात्र-रात्र झोप येत नाही, जी जेवत नाही, जी ‘आता जगून काय करायचे’ असे बोलते, तिला कागद आणि पेन देऊ नका. तिला आशाताईंच्या मदतीने प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. 2022 पासून सुरू असलेली टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मिळते आणि राज्याच्या आरोग्य विभागाचा 104 हा क्रमांकही आहे. मात्र ज्या बायका रोज निंदायला जातात, चूल पेटवतात, हप्ता भरतात आणि तरीही वर्षानुवर्षे एक गोष्ट गळ्यात अडकवून जगतात, त्यांना या कामाने आराम पडतो, असे मी अनेक गावांत पाहिले आहे. तो आराम रडून मोकळे झाल्यामुळे मिळतो, असे मला वाटत नाही. चौकट आखली की बाईला ठरवावे लागते की आत काय घ्यायचे, बाहेर काय ठेवायचे, कोणी बोलायचे, कोणी पाठमोरे उभे राहायचे आणि झालेला कागद कोणाला दाखवायचा. जी घटना घडताना तिला कोणी काही विचारले नव्हते, त्या घटनेबाबत प्रथमच सारे निर्णय तिच्या हातात येतात. तुमचे काम हे निर्णय तिच्या हातून निसटू न देण्याचे आहे.

त्यामुळे माझा पहिला आग्रह असा की कोणालाही तिची सर्वांत वाईट आठवण काढायला सांगू नका. ‘तुमच्या आयुष्यातील दुःखद प्रसंग काढा’ असा विषय फळ्यावर लिहिणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. दुपारपर्यंत सारी खोली रडते, फोटो चांगले येतात, संध्याकाळी गाडी निघून जाते, आणि उघडी पडलेली बाई रात्री त्याच घरात, त्याच माणसांत झोपते. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये संकटग्रस्तांच्या मानसिक प्रथमोपचारासाठी जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभाही हाच आहे की पाहावे, ऐकावे, मदतीशी जोडून द्यावे आणि बोलण्याची जबरदस्ती करू नये. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे मनातील आघाताविषयी लिहायला लावले होते. पुढील काही महिन्यांत त्यांच्या डॉक्टरकडील फेऱ्या कमी झाल्या, पण लिहून झाल्याबरोबर त्यांचे मन अधिक जड झाले होते. हा प्रयोग लिखाणाचा आहे आणि शहरी विद्यार्थ्यांवरचा आहे, तरी त्यातून एक धडा आपल्याला थेट घेता येतो. कागद संपल्यानंतरचा तास मोकळा ठेवायचा. चहा, भुलाबाईच्या सणाचे एखादे गाणे, गप्पा, आणि मगच घरी.

आता चित्राविषयी. चित्र येत नाही ही अडचण दिसते तेवढी मोठी नाही. दिल्लीचे शरद शर्मा आणि फिनलंडचे लेफ पॅकालेन यांनी ‘ग्रासरूट्स कॉमिक्स’ या नावाने जी पद्धत भारतात आणि आफ्रिकेत रुजवली, ती चित्रकारांसाठी नव्हतीच. कार्यकर्ते, शाळकरी मुले आणि गावकरी यांनी आपल्याच गावातली गोष्ट आपल्याच हाताने काढावी, झेरॉक्स करावी आणि गावात चिकटवावी, एवढेच तिचे स्वरूप आहे. ए-फोर आकाराचे दोन कागद जोडून एक भित्तिपत्रक होते आणि त्यावर चार चौकटी येतात. चेहऱ्यासाठी एक गोल, दोन भुवया आणि तोंडाची एक रेघ पुरते. पहिल्या दिवशी मी फक्त भुवयांचा खेळ घेते. त्याच गोलात भुवया आत झुकवल्या की राग, बाहेर झुकवल्या की काळजी, एक वर एक खाली ठेवली की शंका. अर्ध्या तासात बायका एकमेकींच्या सासवांचे चेहरे काढून हसू लागतात. ते हसणे महत्त्वाचे आहे, कारण चित्र वाकडे आले तरी कोणी बोट ठेवत नाही, ही खात्री त्यातूनच येते.

सुरुवातीचे विषय हलके असावेत. एसटी आलीच नाही तो दिवस, हरवलेली बकरी, लग्नात सांडलेला वरणाचा गंज (पातेले), पहिल्यांदा मोबाइल हातात आला तेव्हाची फजिती. या विषयांतून चार चौकटींची घडण आपोआप शिकता येते. पहिल्या चौकटीत माणूस आणि जागा, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात अडचण वाढते किंवा वळण घेते, चौथ्यात शेवट. बायका आधी गोष्ट बोलून दाखवतात, मग संवाद ठरतात आणि चित्र सर्वांत शेवटी येते. आपल्याकडच्या बायकांना संवाद शिकवावे लागत नाहीत. भुलाबाईच्या गाण्यांत सासू-सुनेची सवाल-जवाबाची रीत त्या लहानपणापासून गात आल्या आहेत, आणि भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये पाहिलेल्या बाईला कोणी केव्हा बोलायचे हे माझ्यापेक्षा चांगले कळते.

संवाद घरच्या बोलीतच राहू द्या. ‘सातबारा सासऱ्याच्या नावानं हाय, मंग मी कोन?’ हे वाक्य शुद्ध करून लिहिले की ते तलाठी कार्यालयातील अर्जासारखे दिसते आणि बाई त्यातून निघून जाते. वैनगंगेच्या पलीकडे झाडीबोली, इकडे वऱ्हाडी, मेळघाटात कोरकू, ज्याची जी असेल ती. शिक्षक असलेल्या मदतनिसांना हे सांभाळणे सर्वांत जड जाते. त्यांचे हात लाल पेनाकडे वळतातच.

तंत्राच्या काही गोष्टी झटपट सांगते. संवादाचा फुगा आधी काढावा, त्यात अक्षरे आधी लिहावीत आणि उरलेल्या जागेत माणूस बसवावा, नाहीतर अक्षरे चिरडतात. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत अंतर जास्त लागते. झेरॉक्सवर पेन्सिल आणि फिका निळा रंग उठत नाही, म्हणून काळा पेनच वापरावा. प्रत्येक कागदाला चारही बाजूंनी एक सेंटिमीटर समास सोडावा, कारण यंत्र कडा खाते. चौकटींचा क्रम सगळ्यांना ठाऊक असेल असे धरून चालू नका. ज्यांनी कधी कॉमिक्स वाचले नाही ते कधी वरून खाली वाचतात, कधी चारही चित्रे वेगवेगळी समजतात. डोक्यावर दिवा पेटणे, ढगासारखा विचाराचा फुगा, घामाच्या उडत्या थेंबांच्या रेघा ही सारी शिकलेली भाषा आहे आणि साठीच्या आजींना ती वाचता येईलच असे नाही. त्यामुळे झेरॉक्स काढण्यापूर्वी कागद गटाबाहेरच्या दोन-तीन जणींना दाखवून ‘इथं काय चाललं आहे?’ एवढेच विचारावे आणि स्वतः गप्प राहावे.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासोबत लिहिणारी मुलगी बसवावी लागते, पण ती तिची स्वतःची मुलगी किंवा सून नसावी. आईची गोष्ट लेकीने लिहून घ्यायची म्हटले की आई वेगळीच गोष्ट सांगते, किंवा लेकीला न पेलणारे काही सांगून बसते. सासू आणि सून एका गटात असतील तर त्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा. हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवले तर कोणाला वाईट वाटत नाही.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीत जड गोष्टी आपोआप येऊ लागतात, आणि येथे मला एका पद्धतीचा फार उपयोग झाला आहे. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पीडेचा मोठा पुतळा, निघते. इडा-पीडा, रोगराई घेऊन जा, असे म्हणत लोक तिला वाजतगाजत गावाबाहेर नेतात आणि जाळतात, हे विदर्भात लहान मुलालाही माहीत असते. मी बायकांना सांगते की तुमच्या घरात जी पीडा शिरली आहे तिला मारबतीसारखे शरीर द्या, तिला माणसापासून वेगळे उभे करा. एकीने सावकाराचे कर्ज रानडुकराच्या रूपात काढले. ते रात्री शेत उकरते आणि दिवसा कोठे लपते ते कोणाला दिसत नाही. एका मुलीने वडिलांची दारू म्हणजे वडील नव्हे, तर त्यांच्या खांद्यावर बसलेला एक लठ्ठ बोका काढला. वडिलांवर तिचे प्रेम होते आणि वडिलांचा रागही येत होता. एकाच आकृतीत दोन्ही मावत नव्हते, म्हणून तिची गोष्ट पुढे सरकत नव्हती. बोका आल्यावर तिने दोन आठवड्यांत तीन कागद काढले. कथनोपचारातील, म्हणजे स्वतःची गोष्ट नव्याने सांगत केलेल्या मानसोपचारातील, मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी समस्या माणसापासून सुटी करून पाहण्याची जी रीत मांडली, ती आपल्याला मारबतीमुळे नवखी वाटत नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. जेथे मारहाण आहे तेथे मारणाऱ्याला बोक्याआड लपू देऊ नये. हात ज्याचा आहे त्याचाच काढावा.

आत्महत्येच्या घरांविषयी अधिक सावधगिरी हवी. कीटकनाशकाची बाटली, दोर, विहीर हे चित्रात येऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची वार्तांकनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय प्रेस परिषदेने 2019 मध्ये स्वीकारली, आणि आत्महत्येची पद्धत व जागा वर्णन करू नये हे त्यांत स्पष्ट आहे. गावच्या भिंतीला हा नियम वर्तमानपत्रापेक्षा अधिक लागू पडतो, कारण तीच बाटली त्याच गावातल्या दुसऱ्या घराच्या आढ्याला ठेवलेली असते. बायकांना यात अडचण येत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या क्षणाविषयी त्यांना फारसे काढायचे नसतेच. त्यांना तेराव्यानंतरचे काढायचे असते. पंचनामा, मदतीच्या प्रकरणावर पडलेला ‘अपात्र’ शिक्का, कापसाची पऱ्हाटी उभी असताना वेचणीला मजूर कोठून आणायचे, शाळेत मुलाला विचारले जाणारे प्रश्न, मंगळसूत्राकडे जाणाऱ्या नजरा. यवतमाळ जिल्ह्यात पत्रकार येऊन गेले, अभ्यासक येऊन गेले, आणि प्रत्येकाने त्या एका दिवसाविषयी विचारले. पुढच्या दहा वर्षांविषयी विचारणारे थोडेच.

एका गटात तीन विधवांनी, एकमेकींना न सांगता, सातबाऱ्याचीच गोष्ट काढली. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज नवऱ्याने खासगीत काढलेले, त्यामुळे प्रकरण अपात्र. राज्याच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी ज्या अटी आहेत, त्यांत अशी घरे अडकतात हे अहवालांत लिहिलेले असते. पण तिघींचे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडले तेव्हा प्रत्येकीला वाटत असलेली ‘आपलेच काही चुकले’ ही भावना तेथेच पातळ झाली. पुढे त्यांनी एकत्र तहसीलला जाऊन वारस नोंदीचे अर्ज दिले. सगळ्यांचे काम झाले नाही. तरीही माणसे जोडली जाण्याचा अर्थ मला त्या दुपारी जेवढा दिसला तेवढा कोणत्याही मेळाव्यात दिसलेला नाही, म्हणून सांगते की कागद एकेकटे भिंतीवर नेण्यापूर्वी गटात जमिनीवर मांडा आणि बराच वेळ तसेच राहू द्या.

यानंतर चौथ्या चौकटीचा प्रश्न येतो, आणि माझे बऱ्याच संस्थांशी येथेच पटत नाही. कार्यशाळेचा खर्च जी संस्था देते तिला चौथ्या चौकटीत उपाय हवा असतो. बाई हेल्पलाइनला फोन लावते, नवरा दारू सोडतो, सूर्य उगवतो. जिने कागद काढला तिला ठाऊक असते की तसे झालेले नाही, वाचणाऱ्यांनाही ठाऊक असते, आणि अशा खोट्या शेवटाने आधीच्या तीन खऱ्या चौकटींची किंमत जाते. क्रमांक द्यायचाच असेल तर तो पत्रकाच्या तळाशी वेगळा छापावा. चौथी चौकट खरी असावी, आणि खरा शेवट अजून झालेला नसेल तर ती कोरी सोडावी. कोरी चौकट भिंतीवर लावून शेजारी दोऱ्याने पेन बांधून ठेवला की लोक त्यात लिहितात, काढतात, कधी वादही घालतात. काही अश्लील लिहिले जाण्याची शक्यता असते, म्हणून गटातील दोघींनी रोज संध्याकाळी फेरी मारावी. पण बहुतेक वेळा जे येते ते ऐकण्यासारखे असते. गाडगेबाबांचे कीर्तन असेच चाले. ते प्रश्न टाकत आणि उत्तर समोरच्या गर्दीकडून काढून घेत. वऱ्हाडाला ही सवय नवीन नाही.

भिंत कोणती, हा प्रश्न साधा समजू नका. मंदिराच्या पारावर लावलेले पत्रक एक वस्ती वाचते, बुद्धविहाराजवळ लावलेले दुसरी, आणि दोन्हींना वाटते की ते आपल्यासाठीच किंवा आपल्याविरुद्ध आहे. पिठाची गिरणी, रेशन दुकान, एसटी थांबा आणि आरोग्य उपकेंद्र येथे सगळे येतात आणि बराच वेळ थांबतात. गिरणी मला सर्वांत आवडते, कारण दळण होईपर्यंत बाईला वाचायला दहा मिनिटे मिळतात आणि यंत्राच्या आवाजात शेजारणीला काही बोलले तरी तिसऱ्याला ऐकू जात नाही. मालकाला आधी विचारावे. मैद्याची खळ करून लावले तर पत्रक पंधरा दिवस टिकते, पावसाळ्यात अर्थातच नाही.

संमतीविषयी माझी पद्धत अशी आहे की कागद पूर्ण झाल्याच्या दिवशी भिंतीचा विषय काढायचाच नाही. त्या दिवशी सगळ्याच ‘लावा, ताई’ म्हणतात. आठवड्याने एकेकीला बाजूला घेऊन विचारायचे की हा कागद घरी ठेवायचा, फक्त गटात दाखवायचा, की भिंतीवर लावायचा. मूळ कागद कायम तिचा, आपल्याकडे फक्त झेरॉक्स, आणि तीही मागितली की परत. नाव बदलल्याने ओळख लपते असे समजू नका. दोनशे घरांच्या गावात कोपऱ्यातील बाभूळ, तुटका दरवाजा किंवा लंगडा बैल एवढ्यावरून घर ओळखले जाते. यावर एक उपाय चांगला चालतो. प्रभागसंघाच्या, म्हणजे अनेक गावांच्या ग्रामसंघांच्या संघाच्या, बैठकीत गावांनी आपापसांत पत्रके बदलून घ्यावीत, म्हणजे या गावची गोष्ट त्या गावच्या गिरणीत लागते. ज्या बाईला स्वतःच्या गावात बोलता येत नाही तिची गोष्ट दहा किलोमीटरवर वाचली जाते, आणि तिकडच्या बायका कोऱ्या चौकटीत काय भरतात ते झेरॉक्स होऊन तिच्यापर्यंत परत येते.

मुलींच्या गटाला वेगळे नियम आहेत. कोणा मुलीच्या कागदावर लैंगिक अत्याचाराचे चिन्ह दिसले तर ‘गुपित ठेवते’ असे वचन तुम्ही देऊ शकत नाही, कारण 2012 च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. हे पहिल्याच बैठकीत मुलींना साध्या शब्दांत सांगून ठेवा. तो कागद कोणालाही दाखवायचा नाही, त्याचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअॅपच्या गटावर तर मुळीच नाही, आणि मदतीसाठी 1098 हा बालकांच्या हेल्पलाइनचा क्रमांक हाताशी ठेवायचा. एरवी मुलींसाठी भित्तिपत्रकापेक्षा एका कागदाची आठ पानी पुस्तिका बरी. कागद तीनदा दुमडून मधोमध एक काप दिला की ती तयार होते, मुठीत मावते, दप्तरात लपते आणि कोणाला वाचायला द्यायची हे मुलगी ठरवते.

वेळ कोणती, हेही विचारात घ्या. दिवाळीपासून कापसाची वेचणी जोरात असते आणि मजुरी किलोवर मिळते. त्या दिवसांत बैठकीला बोलावणे म्हणजे बाईची रोजी बुडवणे. फाल्गुनानंतर शेतात काम कमी असते, पण ऊन असते, म्हणून सकाळी सात ते दहा. आठवड्यातून एक बैठक आणि एका गटात बारापेक्षा जास्त जणी नकोत. पहिल्या दोन महिन्यांत भिंतीवर काहीही लावू नका, वरून कितीही विचारणा झाली तरी. आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर यांच्याशी बोलून, जिला गरज पडेल तिला कोणत्या वारी कोणासोबत यवतमाळला नेता येईल हे आधी ठरवा, गाडीभाड्याची सोय ग्रामसंघाच्या ठरावात लिहून घ्या, आणि त्यानंतरच कागदांचा पहिला गठ्ठा विकत आणा.